आभाराचा दगड आणि नावांची भिंत

हॉलंडला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींना काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. अ‍ॅन फ्रांकचे घर पाहिले, पोर्तुगीज यहुद्यांची मोठी मशीद पाहिली, कालव्यातून बोटीने फिरलो. फोटो दाखवले जातात आणि विषय तिथल्या थंडीकडे वळतो. यात वावगे काही नाही. पण स्मारक नुसते पाहायचे नसते, ते वाचायचेही असते. कोणीतरी पैसे जमवून, जागा मागून, शब्द निवडून ते उभे केलेले असते. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण विचारतो, की लेखकाने काय सांगितले, काय गाळले आणि का गाळले. तेच प्रश्न स्मारकालाही विचारता आले पाहिजेत. अ‍ॅमस्टरडॅम आणि वेस्टरबोर्क येथील यहुदी स्मारके आम्ही या दृष्टीने पाहिली. काही फार चांगली वाटली, एक मुळीच पटले नाही. त्याची कारणे वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

हॉलंड आपल्या समाजाला अगदीच परके नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १६६३ साली वलंदेजांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतली आणि तिथल्या यहुद्यांचे दिवस पालटले. अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज यहुद्यांपैकी मोशे परेरा द पायवा हे १६८६ साली कोचीला आले, आणि त्यांनी लिहिलेला वृत्तांत पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला छापून निघाला. पुढे वलंदेज कंपनीचे मोठे व्यापारी असलेले कोचीचे यहेज्केल रहाबी यांनी १७६८ साली हॉलंडमधील तोबियास बोआस यांना पत्र लिहिले. मराठ्यांच्या मुलखात राहणारे, तेलाचे घाणे चालवणारे, काही शिपाईगिरी करणारे, आणि शमा व शब्बाथ यांखेरीज धर्माचे फारसे काही न जाणणारे असे बेने इस्राएल लोक आहेत, असे त्यात कळवले आहे. आपल्याविषयीच्या अगदी जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक. म्हणजे कोकणातल्या शनिवार तेल्यांची खबर हॉलंडला पोचली, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमची ती मोठी मशीद उभी राहून नव्वद वर्षे होऊन गेली होती.

ती मशीद १६७५ सालची. आत अजून विजेचे दिवे नाहीत. पितळी झुंबरांत शेकडो मेणबत्त्या लावून प्रार्थना होते. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते. त्या वाळूवरून चालताना पावलांचा आवाज येत नाही, आणि माणूस आपोआप हळू बोलू लागतो. इमारत पाहून मन प्रसन्न होते. मात्र इमारत वाचली म्हणजे वस्ती वाचली असे होत नाही. १९४१ साली जर्मनांच्या हुकमाने झालेल्या नोंदणीत हॉलंडमध्ये सुमारे १,४०,००० यहुदी होते. त्यांपैकी ८०,००० च्या आसपास एकट्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहत. त्या १,४०,००० पैकी सुमारे १,०७,००० लोकांना आगगाड्यांत घालून छावण्यांत नेले, आणि १,०२,००० हून अधिक मारले गेले. म्हणजे शंभरातले सुमारे पंचाहत्तर. फ्रान्समध्ये हेच प्रमाण शंभरात पंचवीसच्या आसपास होते. पश्चिम युरोपात जर्मनांनी जिंकलेल्या देशांपैकी इतका मोठा संहार दुसरीकडे कुठे झाला नाही. हे आकडे मनात ठेवूनच पुढच्या दगडाकडे वळावे.

आभाराचा दगड

वेस्परस्त्राट हा एके काळी यहुद्यांच्या दुकानांनी गजबजलेला रस्ता. तिथे २३ फेब्रुवारी १९५० रोजी एका स्मारकाचे अनावरण झाले. त्याचे नावच ‘यहुदी कृतज्ञतेचे स्मारक’. शिल्पकार योब्स व्हेर्टहाइम. पांढऱ्या दगडाचे, वेदीसारखे दिसणारे बांधकाम, त्यावर पाच उठावचित्रे. युद्धकाळात डच यहुद्यांचे रक्षण करणाऱ्यांना ते अर्पण केलेले आहे. पाच चित्रांखालच्या शब्दांचा आशय साधारण असा: ईश्वराच्या इच्छेपुढे आम्ही नमलो, तुमच्या बरोबरीने प्रतिकारात एक झालो, तुमच्या प्रेमाने आमचे रक्षण केले, तुमच्या विरोधाने आम्हांला बळ दिले, आणि आम्ही तुमच्यासह शोक करतो.

युद्ध संपून पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. शहरात मृत यहुद्यांसाठी सर्वांचे असे मोठे स्मारक अजून व्हायचे होते. आणि यहुदी समाजाच्या नावाने मोठ्या रस्त्यावर पहिला दगड उभा राहिला तो आभाराचा! त्यावर मेलेल्यांचा आकडा नाही, एकाही माणसाचे नाव नाही, कोणी कोणाला कुठे नेले याचा उल्लेख नाही. आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले. केसपेपरवर रोग्याचे नाव नाही, काय झाले ते नाही, औषध कोणते दिले ते नाही, फक्त इस्पितळाचे आभार लिहिले आहेत, असा कागद आमच्या हाती कोणी दिला असता तर आम्ही तो परत पाठवला असता. हा दगड तसाच कागद आहे.

आभार मानण्याजोगे काही घडलेच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पंचवीस हजारांच्या वर यहुदी लपून राहिले, आणि त्यांतले सुमारे सोळा हजार वाचले. शेतकरी, शिक्षक, पाद्री, कारकून, घरकाम करणाऱ्या बाया यांनी जिवावर उदार होऊन त्यांना आसरा दिला. जेरुसलेमच्या याद वाशेमने सन्मानिलेल्या ‘राष्ट्रांतील नीतिमान’ व्यक्तींत डच लोकांची संख्या सहा हजारांच्या जवळ आहे, पोलंडच्या खालोखाल. या माणसांचे ऋण फिटण्यासारखे नाही. पण त्यांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या शेजाऱ्यांपैकी पुष्कळांनी खिडक्या बंद केल्या होत्या, आणि काहींनी तर पकडून दिलेल्या प्रत्येक यहुद्यामागे साडेसात गिल्डर बक्षीस घेतले होते. १९४१ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या पालिकेतील कारकुनांनी एक नकाशा तयार करून दिला. त्यात दर दहा यहुद्यांमागे एक काळा ठिपका होता. कोणत्या गल्लीत किती माणसे, हे त्यावरून एका नजरेत दिसे. वेस्परस्त्राटवरचा दगड दार उघडणाऱ्याला आणि ठिपके काढणाऱ्याला एकाच शब्दाने ‘तुम्ही’ म्हणतो. आमचा मुख्य आक्षेप या ‘तुम्ही’ला आहे.

मग त्या वेळच्या समाजाने तो उभारला का? याचे उत्तर १९४५ नंतरच्या परिस्थितीत आहे. छावण्यांतून परतलेल्यांची संख्या पाच हजारांच्या थोडी वर. त्यांच्या घरांत दुसरे लोक राहत होते. लपवून वाढवलेली अनाथ मुले कोणाच्या ताब्यात द्यायची, यावर वाद चालू होते. अ‍ॅमस्टरडॅम शहराने तर छावणीतून आलेल्यांकडून, ते छावणीत होते त्या वर्षांचा जमिनीचा थकलेला पट्टा दंडासकट मागितला. ही गोष्ट चव्हाट्यावर आली २०१३ साली, आणि २०१६ साली शहराने त्याबद्दल यहुदी समाजासाठी १ कोटी युरो देण्याचे ठरवले. अशा वातावरणात मूठभर उरलेल्या लोकांनी आभार मानले. काही यहुद्यांना ते तेव्हाही रुचले नव्हते.

वॉर्डात आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. जो रोगी पाणी दिले तरी ‘थँक यू सिस्टर’, उशी सरळ केली तरी ‘थँक यू सिस्टर’ म्हणतो, तो पुष्कळ वेळा सर्वांत जास्त घाबरलेला असतो. रात्री हाक मारली तर कोणी येईल ना, या धास्तीने तो आधीच आभार मानून ठेवतो. त्याला हसू नये आणि त्याच्यावर रागावूही नये. पण त्याच्या आभारांवरून वॉर्ड उत्तम चालला आहे असा निष्कर्ष काढणारी मेट्रन मात्र कामाची नव्हे. या दगडाकडे आम्ही तसेच पाहतो. तो उभारणाऱ्यांना दोष देववत नाही. तो पाहून समाधान पावणाऱ्यांना द्यावासा वाटतो.

गोदी कामगार

तिथून थोड्याच अंतरावर, मोठ्या मशिदीसमोरच्या चौकात, गोदी कामगाराचा पुतळा आहे. मारी आंद्रिसेन यांनी घडवलेला, १९५२ सालचा. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी जर्मनांनी याच वस्तीत चारशेहून अधिक यहुदी तरुण पकडले. त्याच्या निषेधार्थ २५ फेब्रुवारीला अ‍ॅमस्टरडॅमच्या कामगारांनी काम बंद ठेवले. ट्राम थांबल्या, गोद्या थांबल्या, कारखाने थांबले. दुसऱ्या दिवशी गोळीबार करून संप मोडला गेला. यहुद्यांसाठी शेजाऱ्यांनी असा उघड संप केल्याचे उदाहरण त्या युरोपात शोधून सापडणे कठीण.

हाही एक प्रकारे आभाराचाच पुतळा आहे. तरी तो आम्हांला पटतो. कारण इथे आभार कोणाचे, कोणत्या दिवसाचे, कोणत्या कृत्याबद्दल, हे सारे नेमके आहे. पुतळा धिप्पाड आहे, हात मोकळे सोडलेले, मान वर. तो वीर दिसत नाही. कामावरून निघालेला माणूस दिसतो. आणि जिथे तरुणांना पकडले, त्याच जागी तो उभा आहे. दर वर्षी २५ फेब्रुवारीला लोक तिथे जमतात.

या पुतळ्याचा दोष पुतळ्यात नाही, तो त्याच्या उपयोगात आहे. संपाची गोष्ट इतक्या अभिमानाने सांगितली गेली, की पुढच्या वर्षांची गोष्ट तिच्यामागे झाकली गेली. संपाच्या दिवशी थांबलेल्या त्याच ट्राम १९४२ आणि १९४३ साली रात्रीच्या वेळी यहुद्यांना स्टेशनांवर पोचवत होत्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अशा रीतीने सुमारे ४८,००० माणसे नेली गेली, आणि त्या भाड्याची बिले ट्राम कंपनीने जर्मनांना रीतसर पाठवली. दोन दिवसांचा संप खरा आहे आणि दोन वर्षांची बिलेही खरी आहेत. एकाच शहराच्या कहाणीत दोन्ही सांगितली पाहिजेत.

नाटकघर आणि त्यासमोरचे पाळणाघर

तिसरे ठिकाण होलांडशे स्खाउबुर्ख, १८९२ साली बांधलेले नाटकघर. १९४२ च्या उन्हाळ्यापासून १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंत इथे यहुद्यांना गोळा करून ठेवत आणि मग पुढे पाठवत. सुमारे ४६,००० माणसे या दारातून गेली. युद्धानंतर हे नाटकघर पुन्हा करमणुकीसाठी उघडण्याचे घाटत होते! लोकांनी विरोध केला म्हणून ते टळले. १९६२ साली तिथे स्मारक झाले. रंगमंचाचे छप्पर काढून टाकलेले, मधे उघडे अंगण, आणि समोर पडक्या भिंती. १९९३ साली आत एक भिंत केली, तिच्यावर ६,७०० आडनावे कोरली. रिकाम्या रंगमंचाची कल्पना फार अचूक आहे. तिथे शब्दांची गरज लागत नाही.

परंतु आम्हांला जास्त वेळ उभे राहावेसे वाटले ते रस्त्याच्या पलीकडे. नाटकघरात लहान मुलांचा गोंगाट नको म्हणून त्यांना आईबापांपासून वेगळे करून समोरच्या पाळणाघरात ठेवत. या पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल. त्या जुन्या पोर्तुगीज यहुदी घराण्यातल्या, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या, तेव्हा साठी ओलांडलेल्या. नाटकघरात वाल्टर स्युस्किंड यांच्याकडे नोंदींचे काम होते. ते मुलांची नावे कागदांवरून गाळत. शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट यांच्याशी पाळणाघराची बाग लागून होती. मुले कुंपणावरून तिकडे जात आणि तिथून हिरव्या शेतांच्या गावांत. काही मुले पिशवीत, काही कपड्यांच्या टोपलीत गेली. समोरच्या पहारेकऱ्याच्या आड ट्राम आली, की दारातून मुलाला घेऊन निघायचे आणि ट्रामच्या आडोशाने चालत राहायचे. सुमारे सहाशे मुले अशी वाचली. हे काम करणाऱ्या मुली बऱ्याचशा विशीच्या आतल्या होत्या.

या गोष्टीतला एक भाग सहसा घाईने सांगितला जातो. मूल न्यायचे तर आधी रस्ता ओलांडून नाटकघरात जायचे आणि आईबापांना विचारायचे. परक्या घरी, पत्ता न सांगता, मूल द्याल का? काहींनी होय म्हटले, पुष्कळांनी नाही म्हटले. कुटुंब एकत्र राहिले तर निभावेल, असे त्यांना वाटले. होय म्हटलेल्या आईला गाडीच्या वेळी हातात काहीतरी दिसले पाहिजे म्हणून दुपट्यात बाहुली गुंडाळून देत. ज्यांनी कधी नातेवाइकांकडून शस्त्रक्रियेच्या कागदावर सही घेतली आहे, त्यांना त्या मुलींच्या तोंडच्या प्रश्नाचे वजन कळेल. २६ जुलै १९४३ रोजी पिमेंटेल यांना पकडले आणि १७ सप्टेंबरला आउशविट्झमध्ये मारले. स्युस्किंडही परतले नाहीत. फान हुल्स्ट १०७ वर्षे जगले आणि २०१८ साली वारले. पाळणाघर रिकामे केले जात असताना आपल्याला शेवटी बारा मुले घेता आली आणि बाकीची मागे राहिली, हे शल्य ते म्हातारपणीही बोलून दाखवत.

आता स्मारकाचे पाहा. पाळणाघराची इमारत १९७० च्या दशकात पाडली गेली. ज्या उंबऱ्यावरून ही मुले बाहेर पडली तो उंबरा राहिला नाही. अध्यापक विद्यालयाची इमारत मात्र वाचली, आणि १० मार्च २०२४ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या हस्ते तिथे राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडले. नाटकघर त्याचाच भाग आहे. युद्ध संपून ७९ वर्षांनी देशाला असे संग्रहालय मिळाले. उशीर झाला. तरी संग्रहालयाने एक गोष्ट चांगली केली आहे. यहुद्यांविरुद्ध काढलेले शेकडो हुकूम तिथे भिंतींवर छापले आहेत. बागेत बसायचे नाही, सायकल ठेवायची नाही, ट्राममध्ये चढायचे नाही. एवढी अक्षरे कोणीतरी टंकली, सही केली, छापली, चिकटवली. १९५० च्या दगडाने जे गाळले ते या भिंतींनी भरून काढले आहे.

वेस्टरबोर्कचे इस्पितळ

अ‍ॅमस्टरडॅमहून ईशान्येला ड्रेन्थे प्रांतात वेस्टरबोर्कची छावणी आहे. जर्मनीतून पळून आलेल्या यहुदी निर्वासितांसाठी डच सरकारने ती १९३९ साली बांधली, आणि खर्चाचा बोजा यहुदी समाजावर टाकला. १ जुलै १९४२ पासून ती जर्मनांच्या हाती गेली. १५ जुलैला पहिली गाडी सुटली. पुढे बहुतेक मंगळवारी गाडी सुटे. अशा नव्वदहून अधिक गाड्या गेल्या.

तिथले स्मारक राल्फ प्रिन्स यांचे, १९७० सालचे. ते स्वतः या छावणीत होते. रुळांचा एक तुकडा आणि त्याच्या टोकाशी वर वळलेले, वाकलेले लोखंड, इतकेच. रूळ आकाशाकडे वळले आहेत, पुढे जात नाहीत. जवळ मैदानावर १९९२ साली मांडलेल्या १,०२,००० विटा आहेत, प्रत्येक माणसामागे एक, लहानमोठ्या उंचीच्या. दोन्ही कामे साधी आणि भारदस्त आहेत. मात्र १९७० च्या सुमारास छावणीच्या बराकी जवळपास सगळ्या हलवल्या किंवा पाडल्या गेल्या आणि शेजारी रेडिओ दुर्बिणींची रांग उभी राहिली. त्यामुळे तिथे गेलेल्या माणसाला गवत, झाडे आणि पांढऱ्या तबकड्या दिसतात. जागा इतकी शांत आहे की ती फसवते.

रुळांचे स्मारक जे सांगू शकत नाही, ते आम्हांला सांगितले पाहिजे. या छावणीत एक मोठे इस्पितळ होते. सुमारे १,७०० खाटा, शंभरावर डॉक्टर, शेकडो परिचारिका. हॉलंडमधल्या उत्तम इस्पितळांत त्याची गणना व्हावी अशी सोय. रोगी बरा केला जाई आणि बरा झाला की मंगळवारच्या यादीत जाई. अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाची हकीकत वाचलेल्यांनी सांगितली आहे. त्याच्यासाठी छावणीच्या कमांडंटने बाहेरून काचपेटी मागवली, मोठा डॉक्टर बोलावला. बाळ अंगाने भरले. मग तेही गाडीत गेले.

आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. ताप मोजणे, जखम धुणे, बाळाचे वजन घेऊन तक्त्यावर लिहिणे, ही कामे आम्ही चाळीस वर्षे केली आणि ती स्वतःच चांगली आहेत असे मानले. वेस्टरबोर्कने दाखवले की चांगले कामही वाईट यंत्रात चाक म्हणून बसवता येते. त्या परिचारिका दोषी नव्हत्या. त्याही कैदीच होत्या, आणि बहुतेक पुढे त्याच रुळांवरून गेल्या. पण छावणीला भेट देणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला वाकलेल्या रुळांबरोबर त्या इस्पितळाची एक खाटही दिसली पाहिजे. रूळ दुष्टपणा दाखवतात. खाट नीटनेटकेपणा दाखवते, आणि हॉलंडमध्ये संहार घडला तो नीटनेटकेपणाने.

याच छावणीतली आणखी एक गोष्ट. १९४४ साली इथे काढलेल्या चित्रफितीत डब्याच्या दारातून बाहेर पाहणारी, डोक्याला फडके बांधलेली एक मुलगी दिसते. तो चेहरा जगभर छापला गेला, यहुदी मुलगी म्हणून. १९९४ साली एका डच पत्रकाराच्या शोधातून कळले की ती सिंती जमातीची सेतेला स्टाइनबाख. पन्नास वर्षे सर्वांनी तिच्यासाठी शोक केला, पण तिचे नाव कोणी विचारले नव्हते.

नावांची भिंत

आता पुन्हा वेस्परस्त्राटला यावे. १९ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे नावांचे राष्ट्रीय स्मारक उघडले. रचना डॅनियल लिबेस्किंड यांची. विटांच्या उंच भिंती, त्यांवर आरशासारखे पोलाद. वरून पाहिले तर ‘स्मरणार्थ’ या अर्थाची हिब्रू अक्षरे दिसतात. एका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचे वय. १,०२,००० हून अधिक यहुदी, आणि त्यांच्या बरोबर २२० सिंती व रोमा. नाव न कळलेल्यांसाठी काही विटा कोऱ्या ठेवल्या आहेत. आसपासच्या काही रहिवाशांनी झाडे जातील, गर्दी होईल म्हणून हे स्मारक तिथे होऊ नये असा दावा लावला होता. तो फेटाळला गेला.

वरून दिसणारी अक्षरे आणि चकाकते पोलाद आम्हांला जरा जास्त वाटले. खालून चालणाऱ्याला ती अक्षरे वाचता येत नाहीत, मग ती कोणासाठी? पण विटा पाहिल्या आणि टीका आपोआप मागे पडली. एकाच आडनावाच्या विटा ओळीने येतात. वय ४१, वय ३८, वय ९, वय ४, वय ०. माणसे त्या विटांवर हात ठेवून उभी असतात. भिंत कोणाचे आभार मानत नाही, कोणाला शिव्याही देत नाही. कोण गेले एवढेच सांगते. परिचारिकेला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात तेच: आधी नाव, मग वय, मग बाकीचे.

या भिंतीला जागा करून देण्यासाठी कृतज्ञतेचा दगड तिथून हलवण्यात आला. तो मोडला नाही, हे योग्य झाले. घाबरलेल्या लोकांनी काय लिहिले याचाही पुरावा हवा. पण आभारांच्या जागी नावे आली, याला सत्तर वर्षे लागली. अधूनमधून डच संस्थांनीही तोंड उघडले. रेल्वेने २००५ साली माफी मागितली आणि २०१९ साली भरपाई देऊ केली. पंतप्रधान मार्क रुटे यांनी जानेवारी २०२० मध्ये सरकारच्या वतीने माफी मागितली. अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी एप्रिल २०२५ मध्ये शहराच्या वतीने मागितली, तीही त्या नाटकघरातच. १९५० साली यहुद्यांनी ‘आभार’ म्हटले, त्याचे खरे उत्तर इतक्या वर्षांनी आले.

आपले दगड

वाचक म्हणतील, हे सारे दुसऱ्यांचे झाले, आपला काय संबंध? संबंध आहे. आभाराचे स्मारक आपल्याकडेही आहे आणि ते फार सुंदर आहे. मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरची शाअर हरहमीम, म्हणजे दयेचे द्वार, ही आपली जुनी मशीद १७९६ सालची. परंपरा सांगते की सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले. तुम्ही कोण असे विचारल्यावर ‘बेने इस्राएल’ म्हणाले, आणि टिपूच्या आईच्या शब्दाने त्यांचा जीव वाचला. त्यांनी नवस फेडला तो ही मशीद बांधून. हे आभार खरे आहेत. वाचलेल्या माणसाने स्वतःच्या जिवासाठी, स्वतःच्या पैशाने, देवाचे मानलेले. मेलेल्यांच्या वतीने, राहत्या देशाच्या मर्जीसाठी मानलेले ते नाहीत. हिंदुस्थानात आपल्याला कोणी छळले नाही, ही गोष्ट आपण जगभर सांगतो. तीही खरी आहे म्हणूनच सांगावी, आणि खरी आहे तितकीच सांगावी.

इकडे आल्यावर मात्र आपल्यालाही ‘आणले हेच पुष्कळ, आभार माना’ असे ऐकावे लागले आहे. १९६२ साली आपल्या लग्नसंबंधांविषयी चौकशीचा नियम निघाला आणि तो बदलून घेण्यासाठी १९६४ पर्यंत झगडावे लागले. डच यहुद्यांच्या दुःखाशी याची तुलना करण्याचा आमचा विचार स्वप्नातही नाही. सांगायचे एवढेच, की उपऱ्याच्या तोंडी आभार लवकर येतात, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ज्या बायाबापड्यांनी त्या दोन वर्षांत घर आणि नोकरी सांभाळून मोर्चे काढले, त्यांची नावे आपल्या किती घरांत माहीत आहेत?

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तिथे आता स्मारकस्तंभ आहे. त्या मृतांची नावे आपल्याकडे नाहीत आणि मिळणारही नाहीत. पण पेण, रोहे, चौल, झिराड, किहीम, नागाव या गावांची नावे आपल्या आडनावांत राहिली, आणि कोकणातल्या कबरस्तानांत मराठी व हिब्रू अक्षरांचे दगड अजून उभे आहेत. पावसाने ती अक्षरे दर वर्षी थोडी पुसट होतात.

यंदा गावी जाणाऱ्या मंडळींनी एवढे करावे. मलिद्याचा कार्यक्रम झाला, एलियाहू हन्नवीचे दर्शन झाले, की एक सकाळ कबरस्तानात द्यावी. सोबत वही न्यावी. नाव, बापाचे नाव, वय, साल, जेवढे वाचता येईल तेवढे उतरवून घ्यावे. न वाचता आलेल्या दगडासाठी एक ओळ कोरी सोडावी. मुलांना मराठी येत नसेल तर अक्षर अक्षर वाचून दाखवावे. वही भरली की तिची एक प्रत या मासिकाकडे पाठवावी.